बाळाला खुणा शिकवाव्यात का?

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला "पंखा कुठाय?" विचारलं की ते मान वर करून छताकडे बघतं. "बाबा आले" म्हटलं की दाराकडे वळतं. पण 'पंखा' किंवा 'बाबा' हे शब्द त्याच्या तोंडून यायला आणखी कित्येक महिने जावे लागतात. कळतं सगळं, सांगता मात्र येत नाही, असा हा काळ. एलिका बर्गलसन आणि डॅनियल स्विंगली या अमेरिकी संशोधकांनी २०१२ साली हे मोजूनच दाखवलं. बाळासमोर पडद्यावर दोन चित्रं ठेवायची, आईने किंवा बाबांनी त्यातल्या एकाचं नाव घ्यायचं आणि बाळाची नजर कुठे जाते ते टिपायचं. सहा ते नऊ महिन्यांची बाळंसुद्धा खाण्याचे पदार्थ आणि शरीराचे अवयव यांची नावं ओळखत होती. त्यांच्यापैकी बोलत कोणीच नव्हतं.

मग बोलणं मागे का राहतं? कारण बोलणं हे शरीराच्या दृष्टीने फार अवघड काम आहे. एक साधा 'क' काढायचा तर जिभेचा मागचा भाग टाळूला टेकला पाहिजे, मागून हवा अडली पाहिजे आणि नेमक्या क्षणी सुटली पाहिजे. श्वास, स्वरतंतू, जीभ, ओठ यांची एकमेकांशी सांगड बसायला वेळ लागतो. हातांचं तसं नाही. सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा धरतं, आठव्या-नवव्या महिन्यात टाळ्या वाजवतं, वर्षाच्या आसपास बोट रोखून वस्तू दाखवतं. शिवाय स्वतःचा हात त्याला दिसतो, जीभ दिसत नाही. आपण चुकतोय की बरोबर करतोय हे हाताच्या बाबतीत बघून कळतं.

बाळांना खुणा शिकवण्याची सगळी कल्पना या एवढ्या गोष्टीवर उभी आहे. तोंड तयार होईपर्यंत हातांकडून काम करून घ्यायचं.

आपल्याकडच्या घरांना हे अगदीच नवं नाही. बाप्पाला जेजे करणं, टाटा करणं, तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालणं, आपडीथापडी, भूर जायचं म्हणून दाराकडे हात करणं, ही सगळी खुणांचीच शिकवणी आहे. आज्यांनी ती कोणत्याही क्लासला न जाता चालवली. पण नीट पाहिलं तर यातल्या बऱ्याच खुणा आपण बाळाकडून करून घेतो, तेही बहुतेकदा पाहुण्यांसमोर. "जेजे करून दाखव बघू!" बाळाने करून दाखवलं की कौतुक होतं आणि विषय संपतो. त्या खुणेने बाळाला काही मागता येत नाही, नको म्हणता येत नाही, तक्रार करता येत नाही. 'अजून दे', 'पुरे', 'दुखतंय', 'पाणी', 'उचलून घे' या खुणा वेगळ्या ठरतात त्या इथे. त्या बाळाच्या कामाच्या आहेत, आपल्या हौसेच्या नाहीत.

या पद्धतीची आजची लाट आली कॅलिफोर्नियातून. मानसशास्त्राच्या अभ्यासक लिंडा ॲक्रेडोलो यांच्या लक्षात आलं की त्यांची वर्षाची मुलगी फूल दिसलं की नाकाने हुंगल्यासारखं करते. फक्त हातात फूल असताना नाही, तर चित्रातलं फूल पाहूनही. कोळी दिसला की बोटं एकमेकांवर चोळायची, कारण कोळ्याच्या गाण्यात तसा अभिनय होता. म्हणजे तिने स्वतःच खुणा बनवल्या होत्या आणि त्या शब्दांसारख्या वापरत होती. ॲक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी १९८० च्या दशकात यावर अभ्यास सुरू केला. पुढे त्यांचं पुस्तक आलं, मग क्लास, मग चित्रांचे तक्ते, मग मोबाइलवर ॲप. त्याच सुमाराला जोसेफ गार्सिया यांच्या ध्यानात आलं की कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं फार लवकर खुणांनी बोलू लागतात, आणि त्यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेतल्या खुणाच सगळ्या बाळांना शिकवाव्यात असा प्रचार केला. आज अमेरिकेतल्या अनेक पाळणाघरांत तिथल्या बायका सर्रास या खुणा वापरतात. मूठ उघडझाप केली की दूध. दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवली की अजून. पंजे उघडून फिरवले की संपलं. मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या मराठी आजीला नातू मूठ का मिटतोय हे कळत नाही आणि तो रडायला लागतो, हा प्रसंग तिकडच्या घरांत नवलाचा नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. याने मुलं लवकर बोलतात का? हुशार होतात का? कारण विकणारे तेच सांगून विकतात.

ॲक्रेडोलो-गुडविन यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा महिन्यांच्या १०३ बाळांचे तीन गट: एकाच्या आईवडिलांना खुणा वापरायला सांगितल्या, दुसऱ्याच्या आईवडिलांना तोंडाने जास्त बोलायला सांगितलं, तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. खुणांचा गट काही वयांत भाषेच्या चाचण्यांमध्ये पुढे दिसला, पण तीन वर्षांपर्यंत ही आघाडी बहुतेक ओसरली. नंतर, हीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक जास्त भरला असाही दावा एका परिषदेत केला गेला, आणि जाहिरातींनी तो उचलला. २००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तोवर उपलब्ध असलेले १७ अहवाल तपासले. बहुतेकांनी फायदा झाल्याचं म्हटलं होतं, पण अभ्यासाची रचना इतकी कच्ची होती की त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येणार नाही, असं त्यांनी नोंदवलं.

सगळ्यात नेटका प्रयोग २०१३ चा. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० आई-बाळांच्या जोड्या घेतल्या. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे मुळातच उत्साही असलेल्या आया एकाच गटात गोळा व्हायला नकोत. आठ महिन्यांपासून वीस महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला. निकाल असा: खुणा शिकलेल्या बाळांच्या बोलण्यात वेगळी अशी काहीच प्रगती नव्हती. लवकर बोलणं नाही, जास्त शब्द नाहीत.

पण या प्रयोगात एक गोष्ट सापडली, आणि मला ती बोलण्याच्या वेगापेक्षा महत्त्वाची वाटते. खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त लवकर प्रतिसाद देत होत्या आणि बाळाला स्वतःहून काही करू देण्याकडे त्यांचा कल जास्त होता. म्हणजे बदल झाला तो आयांमध्ये. साहजिक आहे. बाळ खूण करतंय का हे बघायचं तर बाळाकडे बघत राहावं लागतं. हातात मोबाइल धरून हे जमत नाही. मूठ उघडझाप झाली ती दुधासाठी की नुसतीच, हे ओळखायला त्याच्या चेहऱ्याकडे, नजरेकडे, वेळेकडे लक्ष द्यावं लागतं. खुणा म्हणजे त्या लक्ष देण्याचं निमित्त.

तेव्हा शिकवाव्यात का, याचं माझं उत्तर: मजा येत असेल तर जरूर. मूल पुढे काढायचं म्हणून मात्र नको. आणि पैसे भरून तर नकोच, कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही.

करायचं कसं, तर सहा-सात महिन्यांपासून पुढे केव्हाही सुरू करता येतं. एका वेळी तीन-चार खुणा पुरे. त्या बाळाच्या रोजच्या गरजेच्या हव्यात. हत्ती, जिराफ यांच्या खुणा नंतर. दूध पाजायच्या आधी त्याच्या नजरेसमोर, आपल्या चेहऱ्याजवळ हात आणून खूण करायची आणि त्याच वेळी शब्द बोलायचा: "दूध हवंय? दूध?" शब्द कधी गाळायचा नाही. पाजताना एकदा, संपल्यावर 'संपलं'ची खूण. दिवसभरात हे आपोआप वीसेक वेळा होतं, वेगळा तास घ्यावा लागत नाही. बाळाकडून खूण परत यायला दोन-तीन महिने सहज लागतात. बहुतेक बाळं दहाव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान करू लागतात. ती खूण आपल्यासारखी नसेल. बोटं जुळवण्याऐवजी दोन मुठी एकमेकींवर आपटतील, कधी एकच हात हलेल. बोबडे बोल आपण समजून घेतो तशी ही बोबडी खूणही घ्यायची. आपण मात्र आपली खूण नीट, तश्शीच करत राहायची.

घरातल्या सगळ्यांनी एकच खूण वापरावी, हे सांगायला सोपं आणि करायला कठीण. आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, पाळणाघरातल्या ताई यांना बसवून शिकवण्यापेक्षा त्यांच्यासमोर करत राहावं, ते उचलतात. खूण कोणत्या भाषेतली घ्यायची याची घरगुती वापरासाठी फार चिकित्सा नको. बाळाने स्वतः काही बनवली असेल, पंख्यासाठी हात गरगर फिरवत असेल, तर तीच घरभर चालू द्यावी. एक पथ्य मात्र पाळा. खूण केल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही, असा हट्ट धरू नका. भूक लागलेल्या बाळाची परीक्षा घ्यायची नसते.

आता घरातल्या मोठ्यांची शंका: "हातवारे करायची सवय लागली तर बोलेल कशाला?" शंका रास्त वाटते, पण आतापर्यंतचे पुरावे उलट दिशेचे आहेत. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दहा मुलांना दहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. मूल ज्या वस्तूकडे आधी बोट दाखवायचं, त्या वस्तूचा शब्द साधारण तीन महिन्यांनी त्याच्या बोलण्यात यायचा. आणखी गंमत अशी की ज्या मुलांनी खूण आणि शब्द यांची जोडी आधी जमवली, त्यांची दोन शब्दांची वाक्यंही आधी आली. बाळ बाबांच्या चपलांकडे बोट करून "टाटा" म्हणतं, तेव्हा ते अर्ध्या हाताने आणि अर्ध्या तोंडाने 'बाबा टाटा गेले' हे वाक्यच बोलत असतं. पुढे काही आठवड्यांनी ते "बाबा टाटा" म्हणतं आणि बोटाची गरज उरत नाही. ऐकू येणारी मुलं शब्द आला की खूण आपोआप सोडून देतात, कारण हात खेळण्यात गुंतलेले असताना, आई पाठमोरी असताना, दुसऱ्या खोलीतून हाक मारताना शब्दच उपयोगी पडतो.

इथपर्यंत जे बोललो त्या खुणा आहेत, भाषा नव्हे. हा फरक नीट सांगितला पाहिजे, कारण क्लासवाले 'बाळाला सांकेतिक भाषा शिकवा' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात दहा-वीस सुटे शब्द शिकवतात.

सांकेतिक भाषा ही मराठी किंवा कन्नडसारखी पुरी भाषा असते. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक खूण ठरावीक घटकांची बनलेली असते: पंजाचा आकार, तो शरीराजवळ कुठे आहे, आणि तो कसा हलतो. यातला एक घटक बदलला की शब्द बदलतो, जसं 'काळ'मधला एक आवाज बदलून 'बाळ' होतं. व्याकरण हातांसोबत चेहऱ्यावरही असतं. भारतीय सांकेतिक भाषेत 'काय', 'कुठे', 'कधी' हे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात. भुवया आणि मान यांच्या हालचालीने प्रश्न आहे की नकार हे कळतं. पुरुषासाठी मिशीची खूण, स्त्रीसाठी नाकातल्या चमकीची. ही भाषा म्हणजे हातांनी केलेलं हिंदी किंवा मराठी नव्हे, आणि अमेरिकी सांकेतिक भाषेशी तिचं शब्दभांडार जुळत नाही. देशभर व्याकरण बरंचसं एक आहे, शब्द मात्र प्रांतागणिक थोडे बदलतात. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत, आणि त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट बघता येतात.

ज्या बाळाला ही भाषा जन्मापासून दिसते ते बाळ ती अगदी बोलीभाषेच्या वेळापत्रकाने शिकतं. लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मारेन्टेट यांनी १९९१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की सांकेतिक भाषा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात. ऐकणारं बाळ 'बाबाबा, ददद' करतं, तसे अर्थ नसलेले पण भाषेच्या घडणीचे हातांचे आकार ती पुन्हा पुन्हा करत असतात. दहा वर्षांनी पेटिटोंच्या चमूने कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या बाळांच्या हातांची गती मोजली, तर त्यांच्या इतर हालचालींपेक्षा ही 'बडबड' वेगळ्या, संथ लयीत होत होती. मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याबद्दल तो फारसा हट्टी नाही.

आणि इथे मला एक विसंगती खुपते. ज्या बाळांना सगळं ऐकू येतं, जी खुणांशिवायही दीड-दोन वर्षांत घर डोक्यावर घेणार आहेत, त्यांच्यासाठी क्लास, तक्ते, ॲप. आणि ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांच्यासाठी खुणा ही गंमत नसून जेवणाइतकी गरज आहे, त्यांच्या आईवडिलांना आजही अनेकदा सांगितलं जातं, "खुणा करू नका, सवय लागेल, मग बोलणार नाही."

या सल्ल्याला मोठा इतिहास आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांना हद्दपार करून फक्त ओठ वाचणं आणि बोलणं शिकवावं असा ठराव झाला. मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. जगभरच्या शाळांनी तो मानला. मुंबईत त्याच दशकात कर्णबधिरांची शाळा निघाली, पुढे महाराष्ट्रात गावोगावी निघाल्या, आणि बहुतेकांचा भर बोलायला शिकवण्यावर राहिला. मुलं वर्गात ओठ वाचायची आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात एकमेकांशी हातांनी भरभरून बोलायची. भारतातली सांकेतिक भाषा बऱ्याच अंशी अशीच जगली, शिक्षकांच्या पाठीमागे. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी.

यात नुकसान कसं होतं ते समजून घ्यायला हवं. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात, ही आकडेवारी अमेरिकेतली असली तरी चित्र सगळीकडे असंच आहे. घरात कोणालाच सांकेतिक भाषा येत नसते. बाळाला घरातली बोलीभाषा ऐकू येत नाही आणि दिसेल अशी भाषा कोणी देत नाही. त्याला डोळे आहेत, बुद्धी आहे, प्रेम करणारी माणसं आहेत, फक्त भाषा नाही. आणि पहिली भाषा शिकण्यासाठी मेंदू सगळ्यात तयार असतो तो याच वर्षांत. रेचेल मेबेरी यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये याचा फार स्पष्ट पुरावा मांडला. उशिरा सांकेतिक भाषा शिकलेल्या दोन प्रकारच्या कर्णबधिर माणसांची त्यांनी तुलना केली. एका गटाला लहानपणी ऐकू येत होतं, बोलता येत होतं, नंतर बहिरेपण आलं. दुसरा गट जन्मतः कर्णबधिर आणि बालपणी कुठल्याच भाषेशिवाय वाढलेला. दोघेही ती भाषा उशिराच शिकले, पण पहिला गट चांगली शिकला, दुसरा मागे राहिला. उलट, लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेले कर्णबधिर पुढे इंग्रजी चांगली शिकले. कुठलीही एक भाषा वेळेवर मिळाली की ती पुढच्या भाषेचा पाया होते. कुठलीच मिळाली नाही तर नुकसान पुरतं भरून निघत नाही.

भाषा न मिळालेली मुलं स्वतः खुणा बनवतात, घरापुरत्या. ॲक्रेडोलोंच्या मुलीसारख्याच, पण त्यांच्याकडे दुसरं काहीच नसतं म्हणून. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली आणि अशा घरगुती खुणा घेऊन आलेली मुलं पहिल्यांदा एकत्र आली. शाळा शिकवत होती स्पॅनिश, पण अंगणात आणि बसमध्ये या खुणा मिसळल्या, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिलं. एक नवी भाषा भाषाशास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत जन्मली. पण त्यासाठी मुलं एकत्र यावी लागली. एकट्या घरात, एकट्या मुलाकडून पुरी भाषा घडत नाही.

"पण आता कॉक्लिअर इम्प्लांट आहे ना?" आहे, आणि ते खरंच उपयोगी साधन आहे. शस्त्रक्रियेने कानाच्या आतल्या भागात बसवलेलं यंत्र आवाजाचे विद्युत संकेत थेट श्रवणाच्या नसेला देतं. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीप योजनेतून पाच वर्षांखालील पात्र मुलांना ते मोफत मिळू शकतं, आणि मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. पण यंत्र बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल बोलत नाही. पुढे कित्येक महिने, वर्षं थेरपी लागते. काही मुलांना फार छान ऐकू येऊ लागतं, काहींना कमी. त्याआधीचा काळ तर असतोच: निदान, कागदपत्रं, श्रवणयंत्राची चाचणी, शस्त्रक्रियेची वाट. या सगळ्या काळात बाळाचं वय थांबत नाही.

सांकेतिक भाषेने इम्प्लांट लावलेल्या मुलाचं बोलणं बिघडतं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे, तोही झाकून ठेवायला नको. २०१७ मध्ये ॲन गिअर्स यांच्या अभ्यासात, घरी खुणा न वापरलेल्या मुलांचं बोलणं जास्त चांगलं आढळलं. त्यावर आक्षेप आले ते असे की त्या आईवडिलांना कितपत भाषा येत होती हे मोजलंच नव्हतं. आणि ज्यांचं मूल बोलण्यात पुढे जात नाही तेच आईवडील खुणा चालू ठेवतात, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? दुसऱ्या बाजूला, २०१४ मध्ये कॅथरिन डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी कर्णबधिर आईवडिलांची इम्प्लांट लावलेली मुलं तपासली. संख्येने थोडीच होती, पण जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेली ही मुलं इंग्रजीतही ऐकू येणाऱ्या, पण तशाच घरांत सांकेतिक भाषा आणि इंग्रजी दोन्ही घेऊन वाढलेल्या मुलांच्या बरोबरीने होती. आणि २०२१ मध्ये नाओमी कॅसेली, जेनी पायर्स आणि एमी लिबरमन यांनी दाखवलं की ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या कर्णबधिर मुलांना सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषा मिळू लागली, तर त्यांचं शब्दभांडार वयाच्या मानाने व्यवस्थित वाढतं. ते आईवडील स्वतःच भाषा शिकत होते, अडखळत होते, तरीही.

सगळे पुरावे शेजारी ठेवले तर मला एवढंच दिसतं: बोलण्याची तयारी आणि खुणांची भाषा यांतलं एक निवडा, असं आईवडिलांना सांगण्याला आधार नाही. बोलणं येईल न येईल, ती शक्यता आहे. डोळ्यांना दिसणारी भाषा आजपासून देता येते. निदान झालेल्या घराने दहा-वीस खुणांवर थांबू नये, इथे 'बाळाच्या खुणा' पुरत नाहीत. दिल्लीच्या केंद्राचे व्हिडिओ ही सुरुवात, पण व्हिडिओ बघून भाषा येत नाही. गावातल्या, शहरातल्या कर्णबधिर मंडळींची संघटना शोधावी, एखाद्या कर्णबधिर ताई-दादाला घरी बोलवावं. बाळाला मोठा झालेला, नोकरी करणारा, हसणारा, हातांनी विनोद सांगणारा कर्णबधिर माणूस दिसतो, आणि आईवडिलांनाही. अनेक आईवडिलांनी तोवर असा एकही माणूस पाहिलेला नसतो.

खुणांचा खरा उपयोग होणारी आणखीही मुलं आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना कळतं बरंच, पण बोलण्याच्या स्नायूंवर ताबा उशिरा येतो. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये निघालेली 'मॅकॅटन' ही पद्धत वापरतात: वाक्य पूर्ण बोलायचं आणि त्यातल्या मुख्य शब्दांनाच खूण करायची. राग, रडारड, डोकं आपटणं यातलं बरंचसं 'मला काय हवंय ते कोणाला कळत नाहीये' म्हणून असतं, ते कमी होतं. स्वमग्न मुलांसाठीही खुणा किंवा चित्रं वापरतात, पण ते स्पीच थेरपिस्टने मुलाला बघून ठरवावं.

खुणांकडे लक्ष ठेवण्याचा एक फायदा तर निदानाचाच आहे. वर्षाचं बाळ बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, बडबडत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नसतील. किंवा येत असलेलं काही बंद झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे जा. "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात", "मुलगा आहे, वेळ लागतोच" या वाक्यांनी फार मुलांची वर्षं खाल्ली आहेत. जिभेला मधातून वेखंड लावल्याने बोलणं येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर धोकादायक असतो.

मुळात इतकी वाट बघायची गरजच नसावी. पहिल्या महिन्यात श्रवण तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभर मानला गेलेला क्रम आहे. पहिली तपासणी म्हणजे ओएई: कानात छोटी टोपणासारखी वस्तू ठेवून आवाज सोडतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. प्रसूती झाली त्या रुग्णालयात ती झाली का, हे घरी यायच्या आधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चौकशी करता येते. अहवालात 'रेफर' लिहून आलं म्हणजे बाळ बहिरं आहे असं नाही. कानात जन्माच्या वेळचा द्रव साचला असला तरी तसं येतं. पण फेरतपासणी टाळू नका. तेव्हाही तसंच आलं तर बेरा करतात, त्यात आवाज मेंदूपर्यंत पोचतोय का ते बघतात. ही तपासणी बाळ शांत झोपलेलं असतानाच होते, तेव्हा तारीख घेताना त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या, आणि येताना वाटेत त्याला झोपू देऊ नका.